होडीच्या कडेचं रबर: कसं धुवावं, कसं घासावं आणि कधी काढून टाकावं

मे संपता संपता मालवणात होड्या वर ओढायची घाई उडते. पर्यटकांच्या फेऱ्या थांबतात, इंजिन उतरून घरात येतं आणि आमची 24 फुटी फायबरची होडी दहा-बारा जणांच्या जोरावर सरकत माडांखाली येऊन बसते. वर झाप, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, चढले की माझं काम सुरू होतं. लग्न होऊन या घरात आले त्याला अकरा पावसाळे झाले आणि तेव्हापासून होडीच्या कडेचं रबर माझ्याकडेच आहे.

कडेचं रबर म्हणजे काठाभोवती नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत फिरणारी जाड पट्टी. कोणी तिला फेंडर म्हणतं, कोणी बीडिंग, कोणी डी रबर, कारण कापली तर ती इंग्रजी डीसारखी दिसते. धक्क्याला लागताना मार ती खाते. पण तिचं त्याहून मोठं काम मागच्या बाजूला आहे. बहुतेक फायबरच्या होड्या दोन भागांत बनतात, खालचा हल आणि वरचा डेक. ते एकमेकांवर जिथे बसतात तो सांधा या पट्टीच्या मागे असतो. पट्टी फाटली, स्क्रू सैल झाले की लाट थेट त्या सांध्यावर येते आणि तळात पाणी साचायला लागतं. मग माणूस तळाला भोक शोधत बसतो आणि भोक असतं काठावर. म्हणून या पट्टीला कोणी शोभेची म्हटलं की मला ते खपत नाही.

माझं माहेर कणकवलीचं. वडिलांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. शाळेतून आले की दप्तर टाकून मी तिथेच. जुना टायर बफिंग मशीनवर चढायचा, वरचा मेलेला थर भुसा होऊन पडायचा, खाली ताजं काळं रबर दिसायचं आणि मग त्यावर सोल्युशन. भेग नुसती वरवरची आहे की आत दोऱ्यापर्यंत गेलीय, हे वडील अंगठ्याने दाबून सांगायचे. सासर मात्र लाकडाचं. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, यांच्या तरुणपणी घरात लाकडी होडी होती आणि तिला दरवर्षी मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचं तेल चोपडायचे. त्या तेलाने लाकूड टिकायचं, कीड लागायची नाही. म्हणून फायबरची होडी घेतली आणि तिचं रबर पांढुरकं पडलं, तेव्हा आबांनी मनापासून तोच उपाय सांगितला, "तेल लाव गो ह्येका, कसा सुकलाहा बघ."

मी नवीन सून. माहेरी शिकलेलं ठाऊक असूनही बोलले नाही. इंजिनाचं जळकं तेल थोड्या डिझेलमध्ये मिसळून पूर्ण काठाला लावलं. आठ दिवस पट्टी अशी चमकत होती की शेजारचे बघायला आले. महिनाभरात ती फुगली. उजव्या बाजूला, नाळेपासून साधारण सहा फुटांवर, ॲल्युमिनियमच्या चॅनलमधून, म्हणजे पट्टी ज्या खाचेत बसते तिच्यातून, तिचा ओठ बाहेर आला आणि तिथे लाटेसारखा बाक पडला. हात लावला की काळं बोटाला येई, पर्यटकांच्या कपड्यांना लागे. तो सहा फुटांचा तुकडा शेवटी कापावा लागला. लाकूड तेल पितं आणि टिकतं. रबरसुद्धा तेल पितं, पण त्याने आतून सैल होतं. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. म्हणून आता जो विचारेल त्याला आधी हेच सांगते: डिझेल, रॉकेल, जळकं तेल, ग्रीस, यातलं काहीही रबराला लावू नका. खोबरेल तेलही नको. दोन दिवस बरं दिसतं, मग चिकट होतं आणि त्यावर रेती बसते.

आधी रबर ओळखा

दुकानात सगळ्यालाच रबर म्हणतात, पण काठावर साधारण तीन वस्तू सापडतात. पहिली, नैसर्गिक किंवा टायरच्या जातीचं काळं रबर. दुसरी, ईपीडीएम, हे एक कृत्रिम रबर, तेही काळंच असतं. तिसरी, पीव्हीसी, म्हणजे मऊ केलेलं प्लास्टिक. पांढऱ्या, करड्या, निळ्या पट्ट्या बहुधा याच्या असतात, पण काळीही मिळते.

पीव्हीसी ओळखायला पट्टीच्या मागच्या टोकाचा तांदळाच्या दाण्याएवढा कपचा काढा, पकडीत धरा आणि घराबाहेर, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून ज्योतीत न्या. ज्योतीबाहेर काढताच विझला आणि नाकाला झोंबणारा धूर आला तर पीव्हीसी. काजळीचा धूर सोडत जळतच राहिला तर रबर. तो धूर छातीत घेऊ नका, दाणा एवढासा घ्यायचा तो त्याचसाठी.

दोन काळ्या रबरांतला फरक भेगा सांगतात. हवेत थोडा ओझोन असतो. टायरच्या जातीचं रबर जिथे ताणलेलं असेल तिथे तो त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो आणि ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतात. तुमच्या होडीच्या नाळेपाशी पट्टी जिथे वळते तिथे जवळ जाऊन बघा. बाहेरचा अंग तिथे ताणलेला असतो. सरळ भागात काही नाही आणि वळणावर केसासारख्या आडव्या रेघांची रांग असेल, तर ते ओझोनचं काम. ईपीडीएमला ओझोन फारसं काही करू शकत नाही. ते वर्षानुवर्षं उन्हात राहून पांढुरकं, खडूसारखं होतं, पण अशा भेगा त्याला सहसा पडत नाहीत. मात्र तेल दोघांनाही फुगवतं.

पीव्हीसीचं दुखणं वेगळं. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं ते उन्हाने हळूहळू बाहेर येतं. आधी पट्टी चिकट लागते, धूळ धरते, मग कडक होते, आणि आकसते. मागच्या टोकाला, जिथे पट्टीची दोन तोंडं भेटतात, तिथे दोन बोटांची फट पडलेली होडी दिसली की पट्टी पीव्हीसीची आहे हे मी लांबूनच सांगते.

आता दुसरी परीक्षा, नखाची. अंगठ्याचं नख पट्टीत जोरात दाबा आणि सोडा. खूण भरून आली तर आत जीव आहे, घासून पुसून काम होईल. नख रुतलंच नाही, किंवा रुतलं आणि तिथून कपचा उडाला, तर त्या पट्टीवर कष्ट घालू नका. गंधकाबरोबर तापवलं की रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि ते लवचीक राहतं, हे चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये शोधलं. सगळं रबर त्या बांधणीवर उभं आहे. ऊन आणि हवा वर्षानुवर्षं त्या बांधणीत नको तिथे गाठी मारतात, नको तिथे तोडतात. कोणतीही बाटली ते उलटवू शकत नाही. वरचा मेलेला थर काढणं आणि खालच्याला जपणं, एवढंच आपल्या हातात असतं.

धुणं

आमच्या विहिरीचं पाणी समुद्राजवळ असल्याने थोडं मचूळ आहे. त्याने धुतलेली पट्टी सुकली की पांढरी पुटं तशीच. म्हणून मी जूनच्या पहिल्या चार-पाच सरी जाऊ देते, कौलं स्वच्छ झाली की पागोळ्यांखाली पिंप लावते आणि त्या पाण्याने धुते. पावसाचं पाणी मिठाशिवायचं, साबणाला फेसही चांगला येतो. तुमच्याकडे नळाचं गोडं पाणी असेल तर तेही उत्तम.

पहिलं काम फक्त भिजवणं. सुती गोण्या किंवा जुन्या चादरी ओल्या करून पट्टीवर अर्धा तास टाकून ठेवा. मीठ विरघळतं, वाळू सुटते. हे न करता ब्रश मारला तर तीच वाळू पट्टीवर ओरखडे काढते. मग भरपूर पाणी.

बादलीभर, म्हणजे 10 लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन मोठे चमचे. कपड्यांचा नायलॉनचा ब्रश घ्या, खोबणीसाठी जुना दातांचा ब्रश. लोखंडी तारेची घासणी नको. तिचे बारीक कण रबरात अडकतात आणि पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उमटतात. काथ्याची घासणी काळ्या रबराला चालते, पांढऱ्या पीव्हीसीला नाही. एका वेळी हातभर लांबी घासा, लगेच धुवा, पुढे सरका. साबण पट्टीवर सुकू देऊ नका. आणि चॅनलच्या वरच्या ओठात दातांचा ब्रश घालायला विसरू नका. आमच्या होडीत मागच्या पावसाळ्यात तिथून अर्धी वाटी वाळू निघाली.

पांढऱ्या पट्टीवर काळी बुरशी असेल तर घरातलं ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग, पाच मिनिटं, मग खूप पाणी. स्क्रूखालून उतरलेले गंजाचे ओघळ ब्लीचने जात नाहीत, उलट पक्के होतात. त्यांना ऑक्झॅलिक ॲसिड: एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे, हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्याने फक्त डागावर, दहा मिनिटांनी धुवून टाकायचं. हे विषारी आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवा. ब्लीच आणि ॲसिड एका दिवशी काढूच नका. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि झापांच्या खाली वारा नसतो. पीव्हीसीचा आतपर्यंत गेलेला पिवळेपणा मात्र कशानेही निघत नाही, त्यावर ॲसिड वाया घालवू नका.

मेलेला थर काढणं

धुतलेली पट्टी सुकली की पांढरं जुनं धोतराचं कापड तिच्यावरून फिरवा. कापड काळं झालं तर वरचा थर अजून सुटतोय. काळं रबर असेल तर आता वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर. आधी 400 नंबर, मग 600. लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला नाही, जाड स्पंजाला गुंडाळा म्हणजे गोल अंगावर सारखा बसतो. पेपर आणि पट्टी दोन्ही ओले ठेवा. सुकं घासलं तर काळी धूळ नाकात जाते. लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने, पुढे-मागे. सुरुवातीला शाईसारखं पाणी गळतं. थोड्या वेळाने हाताला फरक कळतो. कोरडा, खसखसणारा स्पर्श जातो आणि पेपर किंचित अडखळायला लागतो, जसा ताज्या रबरावर अडखळावा. तिथे थांबायचं.

वडील बफिंगला उभे असायचे तेव्हा मशीनच्या आवाजावरून हात काढायचे. खाली चांगलं रबर लागलं की आवाज जाड होतो. मला होडीवर तो आवाज नाही मिळत, पण पेपराचं ते अडखळणं तेच सांगतं. त्याच्या पुढे घासलेलं प्रत्येक मिनिट चांगलं रबर खातं.

एक गोष्ट टायरवाल्या घरातली म्हणून सांगते. टायरच्या जातीच्या रबरावर कधी कधी तपकिरी छटा येते. ती घाण नसते. ओझोनपासून वाचवायला रबरात जे द्रव्य घातलेलं असतं तेच हळूहळू वर येऊन बसतं. म्हणून अशी पट्टी दर महिन्याला घासू नका. धुणं पुरे. वॉटर पेपर वर्षातून एकदा, तोही खडू सुटत असेल तरच.

पीव्हीसीला वॉटर पेपर लावू नका, चकाकी गेली की परत येत नाही आणि खरखरीत अंगात मळ जास्त बसतो. तिथे साबणाच्या पाण्यात बुडवलेला मेलामाइनचा पांढरा स्पंज, हलका हात. चिकटपणा असेल तर कापडावर थोडं स्पिरिट घेऊन एकदाच पुसा. थिनर, पेट्रोल, ॲसीटोन पीव्हीसीला कधीच नाही. पृष्ठभाग विरघळतो आणि कापडाचे धागे त्यात कायमचे चिकटतात.

भेगा

पट्टी हाताने वाकवून भेगेत बघा. जाडीच्या पाव भागापेक्षा उथळ असेल तर बुजवता येते. अर्ध्याच्या पुढे गेली असेल तर तो तुकडाच बदला.

बुजवायची भेग आधी 80 नंबरच्या कोरड्या पेपराने आत-बाहेर खरखरीत करा. इथे मात्र गुळगुळीत नको, सीलंटला धरायला जागा हवी. स्पिरिटने पुसा, पूर्ण सुकू द्या. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप. काळं पॉलियुरेथेन सीलंट, ज्याला दुकानात पीयू म्हणतात, भेगेत बोटाने दाबून भरा, आत हवा राहू देऊ नका, वरून साबणाच्या पाण्यात भिजवलेलं बोट फिरवा आणि टेप लगेच ओढून काढा. पीयू हवेतल्या ओलाव्यानेच पक्कं होतं, त्यामुळे पावसाळी हवा त्याला चालते. पण ज्यावर बसवायचं तो भाग ओला असेल तर चिकटत नाही. म्हणून हे काम मी श्रावणातल्या उन्हासाठी ठेवते. 5 मिलिमीटर खोल भेगेला चार दिवस हात लावत नाही.

ईपीडीएमवर पीयू प्रायमरशिवाय नीट धरत नाही. सोललं तर परत तेच तेच भरत बसू नका. सायकलवाल्याचं पंक्चरचं सोल्युशनही तिथे चालत नाही. ते टायरच्या जातीच्या रबराचं औषध आहे. बाजूला लटकवलेल्या टायरांना मी तेच वापरते. (त्या टायरांना जुन्या ताडपत्रीची खोळ शिवून घाला, नाहीतर फायबरवर काळे-तपकिरी डाग पडतात आणि ते पॉलिशनेही निघत नाहीत.)

बाथरूमचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते होडीवर कुठेच लावू नका. सुकताना सुटणारं आम्ल धातूला खातं, आणि एकदा ते लागलं की त्या जागी दुसरं काहीच चिकटत नाही.

वरचा लेप, आणि तो कुठे लावायचा नाही

सुकलेल्या, स्वच्छ रबराला उन्हापासून वाचवणारा लेप लावायचा. पाण्यात मिसळलेलं सिलिकॉन असलेला, अतिनील किरण अडवणारा प्रोटेक्टंट घ्या. गाड्यांच्या डॅशबोर्डसाठी मिळतो त्यातला पाण्यासारखा पातळ, दुधी रंगाचा चालतो. पेट्रोलचा वास येणारा, चकचकीत तेलकट टायर पॉलिश नको. स्पंजावर घ्या, थेट पट्टीवर फवारू नका, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून काढा. बोट फिरवल्यावर बोट कोरडं राहिलं पाहिजे. आमच्या काठाची दोन्ही बाजू मिळून साधारण 15 मीटर भरते, तिला 200 मिली पुरतं आणि उरतं.

फायबरचं काही काम बाकी असेल, जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, भरायचा असेल, रंग लावायचा असेल, तर ते सगळं आधी उरका. सिलिकॉनचा अंश जरी फायबरवर गेला तरी रंगात माशाच्या डोळ्यांसारखी गोल गोल भोकं पडतात. मी पट्टीच्या वर-खाली टेप लावूनच लेप लावते.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. लेप पट्टीच्या फक्त बाहेरच्या उभ्या अंगाला लावायचा. वरच्या आडव्या अंगाला थेंबही नाही.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. मी पट्टी सुंदर केली होती, वरपासून खालपर्यंत. ऑक्टोबरमध्ये पहिली फेरी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायऱ्यांपाशी उतरताना प्रत्येक जण एक पाय काठावर ठेवतो. दुसरी जागाच नसते. 1664 साली पायाभरणी झालेल्या त्या किल्ल्याच्या तटाखाली दगड शेवाळाने बुळबुळीत, खाली लाट. साधारण साठीच्या एका काकूंनी ओला पाय पट्टीवर ठेवला आणि तो सरकला. माझ्या नवऱ्याने दंड धरला म्हणून त्या होडी आणि दगडाच्या मधल्या पाण्यात गेल्या नाहीत. गुडघा काठावर आपटला, साडी रक्ताने भिजली. त्या मलाच म्हणाल्या, "असू दे बाळा, लागलं नाही फार." मी रात्रभर जागी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे स्पिरिट आणि ब्रश घेऊन पट्टीचा वरचा अंग पुन्हा पुन्हा घासला, अनवाणी, ओल्या पायाने त्यावर उभी राहिले, पाय धरतो याची खात्री झाली तेव्हा होडी पाण्यात जाऊ दिली.

आजही लेपाचं काम झालं की मी तेच करते. पाण्याची बादली पट्टीवर ओतायची, पाय ओला करायचा, दोऱ्याला धरून काठावर उभं राहायचं आणि पाय सरकवून बघायचा. प्रवासी होडी असेल तर ही परीक्षा घेतल्याशिवाय होडी सोडू नका. चढ-उतरायच्या जागी, आमच्याकडे डाव्या बाजूला चार फूट, मी वर खरखरीत अँटी-स्किड पट्टीही लावली आहे. पीयूने चिकटवलेली, दर मोसमात नवीन.

खणांच्या झाकणांखालचं मऊ स्पंजासारखं रबर वेगळं सांभाळायचं. त्याला ब्रशही जड होतो. ओल्या कापडाने पुसा, सुकवा, औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन बोटाने अगदी पातळ फिरवा. झाकण चिकटत नाही, रबर फाटत नाही. ग्लिसरीन पाण्यात विरघळतं, म्हणून बाहेरच्या पट्टीला त्याचा उपयोग नाही, पहिल्याच तुषाराने जातं. पावसाळ्यात झाकणं घट्ट लावून ठेवू नका, मध्ये सुपारीएवढा लाकडाचा तुकडा ठेवा. दाबून राहिलेलं रबर चपटं होतं ते मग उठत नाही.

पट्टी बदलायची झाली तर

नवी पट्टी मागवताना जुन्याचा बोटभर कापलेला तुकडा सोबत पाठवा, फोनवर आकार सांगून चुका होतात. लांबी मोजून वर हातभर जास्त घ्या.

जुनी काढली की मागचा सांधा नीट बघा. स्क्रूच्या भोकांतून सुकं पांढरं भुकटीसारखं काही दिसलं तर ॲल्युमिनियम गंजतंय. समुद्रात स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. भोकं सैल झाली असतील तर इपॉक्सीने भरा, दुसऱ्या दिवशी नव्याने पाडा. स्क्रू 316 नंबरच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या, आणि प्रत्येक स्क्रूच्या मानेभोवती पीयूची कडी करून मगच फिरवा. तेच सीलंट पाणीही अडवतं आणि दोन धातूंना वेगळंही ठेवतं. फार आवळू नका. रबर स्क्रूभोवती खड्ड्यासारखं दबलं की तिथूनच पुढच्या वर्षी भेग सुरू होते.

पीव्हीसी बसवायची असेल तर दुपारच्या उन्हात तासभर पसरून ठेवा, नाळेच्या वळणाला लागेल तेवढा भाग गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवा. मऊ झाली की बसवा, पण ओढून नाही. इथे सगळे चुकतात. गरम पट्टी ओढली की ती लांब होते, गार झाल्यावर आपल्या मापावर परत येते आणि टोकाला फट पडते. तळव्याने चॅनलमध्ये ढकलत, किंचित मागे रेटत पुढे जा. सुरुवात नाळेच्या मधोमध, मग दोन्ही बाजूंना. दोन माणसं लागतात. आमच्याकडे आबा पट्टी गरम पाण्यातून काढून हातात देतात आणि मी ढकलत जाते. जास्तीचं टोक त्या दिवशी कापू नका. एक रात्र जाऊ द्या, आकसायचं तेवढं आकसू द्या, मग धारदार सुरीने साबणाचं पाणी लावून एकाच झटक्यात कापा.

मोसमात महिन्या-दीड महिन्याने गोड्या पाण्याचं धुणं आणि उभ्या अंगाला पातळ लेप, एवढं पुरतं. फेरीवरून आल्यावर डिझेल किंवा पेट्रोल भरताना पट्टीवर सांडलं तर तिथल्या तिथे साबणाने धुवा, संध्याकाळची वाट बघू नका. होडी वाळूवर असताना काठावर जुनी चादर टाकलीत तरी उन्हाचा मोठा मार चुकतो.

मी मागच्या बाकाखाली, फायबरवर, न पुसणाऱ्या पेनाने तारखा लिहिते: कधी पेपर मारला, कधी लेप लावला, कुठल्या स्क्रूपासून कुठल्या स्क्रूपर्यंत पट्टी बदलली. यंदाच्या नारळी पौर्णिमेच्या आधी तिथे एक ओळ वाढेल, कारण डाव्या बाजूला नाळेकडून नवव्या आणि दहाव्या स्क्रूच्या मध्ये नख रुतेनासं झालंय.